राष्ट्रीय उद्यानाचा आराखडा मे महिन्यात लिहा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही सागवनात शिरावं आणि एखाद्या कोरड्या नाल्यात उतरून पाहावं. वाळू तापलेली असते. काठावरच्या अर्जुनाची मुळं उघडी पडलेली असतात. पावसाळ्यात जिथे डोह असतो त्या वळणावर हातभर खोल ओला खड्डा दिसतो. त्याला इकडे झिरा म्हणतात. तळाशी वीतभर पाणी, कडेला चितळ आणि रानडुकरांचे खूर एकावर एक उमटलेले, ओल्या वाळूवर मधमाश्या बसलेल्या. त्या आठवड्यात दोन-तीन किलोमीटरच्या टापूत कदाचित एवढंच पाणी असतं. तोच नाला ऑक्टोबरात पाहिला तर गुडघाभर वाहत असतो, काठावर कमरेएवढं गवत असतं, आणि इथे पाण्याचा किंवा चाऱ्याचा काही प्रश्न असेल असं कुणालाही वाटत नाही.

नव्या राष्ट्रीय उद्यानासाठीच्या पाहण्या सहसा याच सुखाच्या दिवसांत होतात. रस्ते वाळलेले असतात, हवा चांगली असते, जंगल हिरवं असतं. मग जो आराखडा तयार होतो त्यात पाणी ‘मुबलक’, गवत ‘समाधानकारक’ आणि लोकांचं अवलंबित्व ‘मर्यादित’ निघतं. माझं म्हणणं एवढंच आहे की विदर्भातल्या कोणत्याही नव्या उद्यानाचं नैसर्गिक संसाधनांचं नियोजन मे महिन्यावर बेतलं पाहिजे. पाणी सर्वांत कमी, गवत खाऊन आणि जळून संपलेलं, वणव्याचा धोका सर्वांत जास्त, तेंदूचा हंगाम ऐन भरात, गावातल्या ढोरांना चारा नाही, आणि पाणवठ्यावर हमखास वाघ दिसतो म्हणून पर्यटकांची गर्दीही तेव्हाच. हे सगळं एकाच महिन्यात एकाच जमिनीवर येतं. मे महिन्यात जो आराखडा टिकतो, तो बाकीचे अकरा महिने आपोआप टिकतो.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण चूक तिथेच होते आणि नंतर ती दुरुस्त करणं फार अवघड जातं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांची हक्कनिवाड्याची वाट जवळजवळ एकच आहे. सरकारने इरादा जाहीर करायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १९ पासून पुढच्या तरतुदींप्रमाणे दावे मागवायचे, चौकशी करायची, निवाडा द्यायचा. फरक पडतो तो कलम २४ मधल्या एका छोट्या खंडाने. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून एखादा हक्क चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत कलम ३५ ने नेमका तोच खंड वगळला आहे. त्याच कलमाचं सातवं पोटकलम म्हणतं की उद्यानात गुरं चरणार नाहीत, आणि वाहन म्हणून वापरलेल्या जनावराचा अपवाद सोडला तर आत शिरणारही नाहीत. म्हणजे अंतिम अधिसूचना निघाली की चारा, सरपण, मोह, तेंदू यांचा हिशेब उद्यानाच्या आत शून्य होतो. गावात तो शून्य होत नाही. ती गरज हद्दीच्या बाहेर सरकते आणि शेजारच्या, आधीच उघड्या पडलेल्या जंगलावर जाऊन बसते. तिथे जागा नसेल तर रात्री परत आत येते.

म्हणून सगळं क्षेत्र एका दमात राष्ट्रीय उद्यान करण्याचा हट्ट चुकीचा आहे. ताडोब्याचंच उदाहरण घ्या. १९५५ चं मूळ राष्ट्रीय उद्यान ११६.५५ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कडक संरक्षणाचा छोटा गाभा आणि भोवती थोडी सैल, हक्कांना जागा देणारी पट्टी, ही रचना कायद्यात आजही उपलब्ध आहे. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि संवर्धन राखीव हे तिन्ही दर्जे एकाच भूप्रदेशात शेजारी शेजारी वापरता येतात. ज्या कक्षांत, म्हणजे जंगलाच्या आकडे दिलेल्या तुकड्यांत, चराई आणि वनोपज वेचणं आधीच नगण्य आहे तेवढेच कक्ष उद्यानात घ्यावेत. बाकीचं नंतर वाढवता येतं. एकदा घेतलेलं कमी करायला मात्र राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीपर्यंत जावं लागतं.

निवाडा लांबवला की काय होतं, हे पेंचने दाखवलं आहे. मध्य प्रदेशाच्या बाजूला उद्यानाचा इरादा १९८३ मध्ये जाहीर झाला. पुढे तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारीसाठी तिथल्या विस्थापित आदिवासींना ३०५ परवाने देण्यात आले आणि त्यावरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये निकाल लागला तेव्हाही अंतिम अधिसूचना निघालेली नव्हती. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्राचं ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, काठावर विस्तव न पेटवणं अशा अटी घातल्या आणि अधिसूचनेचं काम लवकर संपवायला सांगितलं. चौदा वर्षं लोकांना आपला हक्क आहे की नाही हे कळत नव्हतं, आणि वनरक्षकाला आपण अडवतो आहोत ते कायद्याने की सवयीने हे ठरवता येत नव्हतं. अशा धूसर वातावरणात संसाधनांचं नियोजन होत नाही, फक्त पकडापकडी होते.

विदर्भात या निवाड्याचा पहिला कागद सातबारा नसतो. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यानंतर गावांचे जंगलावरचे वापर ज्या दस्तांत नोंदले गेले ते म्हणजे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना आजही स्थान आहे. कुठल्या गावाने कुठल्या भागातून जळाऊ लाकूड आणायचं, बुरडांना बांबू कसा मिळायचा, ढोरं कुठल्या वाटेने पाण्यावर न्यायची, हे त्यांत लिहिलेलं असतं. तहसील कार्यालयातून या नकला काढायला वेळ लागतो, अक्षर लागत नाही, कागद फाटलेले असतात. तरीही तिथूनच सुरुवात झाली पाहिजे. त्याच्या जोडीला वनहक्क कायदा, २००६. हा कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. गाव हलवायचं असेल तर ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण संमती लेखी हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही हलवायचं नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. सामूहिक वनहक्काचे दावे प्रलंबित ठेवून उद्यानाचा इरादा पुढे रेटणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं भांडण आजच पेरून ठेवणं आहे.

आता चाऱ्याकडे येऊ. हा विषय आराखड्यांत दोन ओळींत उरकला जातो आणि सगळं तिथेच बिघडतं. आपल्याकडच्या अडीचशे किलोच्या गावरान गायीला दिवसाला साधारण सहा किलो सुका चारा लागतो. चितळ पंचेचाळीस किलोचं धरलं तर त्याला सव्वा-दीड किलो. म्हणजे एक गाय चार-पाच चितळांचं खाते. हद्दीवरच्या एका गावात चारशे ढोरं असतील आणि त्यांचा निम्माच चारा जंगलातून येत असेल, तरी रोज सव्वा टन आणि वर्षाला साडेचारशे टन होतो. राष्ट्रीय उद्यान झालं की हा साडेचारशे टन चारा कुठून येणार, हे गाववार लिहिलेलं नसेल तर त्या आराखड्याला संसाधनांचा आराखडा म्हणू नये.

उत्तरं आहेत, पण ती गावागणिक वेगळी आहेत. पूर्वेकडच्या धानाच्या गावांत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, असते. ती पावसात भिजू नये म्हणून उंच मचाण आणि ताडपत्री दिली तरी बराच चारा वाचतो, कारण उघड्यावरच्या गंजीचा वरचा आणि खालचा थर सडून वाया जातो. सोयाबीन-तुरीच्या गावांत कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, असतं. ते खाण्याजोगं ठेवायचं तर मळणीच्या दिवसांतच साठवावं लागतं. हद्दीबाहेरच्या वनपट्ट्यातलं गवत ऑक्टोबरच्या अखेरीस कापून नेऊ द्यायचं. काडी अजून पिवळी पडायची असते, आणि कापून नेलेलं गवत फेब्रुवारीत वणव्याला सापडत नाही. शेताच्या धुऱ्यावर संकरित नेपियर गवत लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ते उत्पादन भरपूर देतं, पण त्याला उन्हाळाभर पाणी लागतं. बोअर आधीच आटणाऱ्या गावात ही योजना दुसऱ्याच वर्षी बंद पडते. आणि ढोरं चारायला नेणाऱ्या गायकीला आराखड्यात जागा हवी. त्याची वाट बंद झाली की त्याची मजुरीच बंद होते. हद्दीवरच्या रेषेची, गवताची आणि जंगली जनावरांच्या वाटांची जेवढी माहिती त्याला असते तेवढी दुसऱ्या कुणालाही नसते. पहिला रोजंदारी संरक्षण मजूर तोच असावा.

हाच हिशेब आतल्या बाजूनेही करायचा आहे. एक वाघ वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं मारतो. शिकार होऊनही कळप टिकायचा तर वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त जनावरं जाऊ नयेत. म्हणजे एका वाघामागे पाचशे चितळ-सांबर-रानडुकरांचा साठा लागतो. सगळी चितळं धरली तर पाचशे चितळांना वर्षाला अडीचशे टनांच्या आसपास सुका चारा. एक चौरस मीटर गवत कापून, वाळवून वजन केलं आणि ते अडीचशे ग्रॅम भरलं, तर हेक्टरी अडीच टन. त्यातलं निम्मंच खाऊ द्यायचं, उरलेलं मुळांसाठी आणि जमिनीसाठी. मग एका वाघामागे दोनशे हेक्टर चांगलं गवताळ कुरण किंवा तेवढ्या वजनाची झाडपानाची चराई लागते. हे आकडे प्रत्येक जंगलात बदलतील. म्हणूनच कक्षवार मोजणी हवी, एकदा ऑक्टोबरअखेर आणि त्याच चौकटीत पुन्हा मे महिन्यात. दोन वजनांमधला फरक म्हणजे त्या कक्षाचा खरा खर्च. हा आकडा हाती नसताना ‘या उद्यानात अमुक वाघ राहतील’ असं कुणीही सांगू नये.

गाव स्वखुशीने उठलं की त्याची शेतजमीन आपोआप कुरण होते, असा एक गोड समज आहे. ताडोब्यात जामणी, नवेगाव इथे उठलेल्या गावांच्या जागी आज सुंदर कुरणं आहेत. त्यांच्यामागे काय मेहनत आहे ते जिप्सीतून दिसत नाही. नांगरलेली, खत पडलेली जमीन मोकळी सोडली की पहिल्या पावसात तिथे तरोटा येतो, मग गाजरगवत, रानतुळस. यातलं काहीच चितळ खात नाही. तरोटा ऑगस्टमध्ये, फुलावर येण्याआधी, मुळासकट उपटावा लागतो. सप्टेंबरात कापला तर कापलेल्या ढिगातच शेंगा पिकतात आणि आपणच बी पेरल्यासारखं होतं. हे सलग तीन पावसाळे करायचं, कारण जमिनीत बियांचा साठा असतो. दरम्यान मारवेल, पवन्या, डोंगरी अशा स्थानिक गवतांचं बी नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच जंगलातल्या जुन्या कुरणांतून गोळा करून सावलीत वाळवायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर पेरायचं. शक्य तिथे जूनअखेरीस ठोंब लावायचे. बाहेरगावाहून विकत आणलेल्या बियांसोबत नको ती तणं येतात. जुन्या गावठाणातलं मोहाचं, आंब्याचं, चिंचेचं झाड तोडायचं नाही. आणि पहिल्याच महिन्यात जुन्या विहिरी बुजवायच्या किंवा त्यांना कमरेएवढा कठडा घालायचा. गवत वाढलं की उघडी विहीर दिसत नाही, आणि रात्री पळणारं जनावर त्यात पडलं की बाहेर निघत नाही.

पुनर्वसनाचं अनुदान २००८ मध्ये कुटुंबामागे १० लाख रुपये होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. रक्कम वाढली हे चांगलंच झालं. पण रोख घेऊन गेलेल्या कुटुंबाचा चारा आणि सरपण कुठून येतं, हा प्रश्न नव्या गावठाणातही राहतोच, आणि तेही बहुधा कुठल्यातरी जंगलाच्या कडेलाच असतं.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त काम होतं आणि सगळ्यात जास्त चुकाही होतात. नागपूरकडे मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास बाष्पीभवन होतं. एक हेक्टर पसाऱ्याच्या तळ्यातून म्हणजे रोज एक लाख लिटर. पाचशे चितळ प्रत्येकी पाच लिटर पाणी प्याले तरी अडीच हजार लिटर होतात. तेव्हा तळं जनावरं पिऊन आटवत नाहीत, सूर्य आटवतो. पसरट, उथळ तळं कितीही मोठं दिसलं तरी मार्चअखेर त्याचा चिखल होतो. खोली हवी, काठावर झाडांची सावली हवी, आणि पसारा कमी हवा.

खोली हवी म्हणून जेसीबी लावला की दुसरी चूक होते. जुन्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकणमातीचा थर असतो. तोच पाणी धरतो. गाळ काढताना तो थर फुटला आणि खालचा मुरूम उघडा पडला की तळं चाळणीसारखं गळतं, आणि पुढच्या वर्षी ‘पाऊस कमी झाला’ असं अहवालात लिहिलं जातं. म्हणून गाळ काढण्याआधी तळात चार-पाच ठिकाणी हाताने खड्डे घेऊन मातीचा थर किती जाड आहे ते पाहायचं आणि त्यावर किमान हातभर गाळ राखून थांबायचं. काढलेली माती काठावर भिंतीसारखी रचायची नाही. दोन बाजूंना तीनास एक किंवा त्याहून सौम्य उतार ठेवला नाही, तर चितळाचं पाडस आत उतरतं आणि घसरत राहतं. भंडारा-गोंदियाकडच्या कोहळी समाजाने बांधलेले तलाव शेकडो वर्षं टिकले ते जागेची निवड आणि पाळीची माती नीट असल्यामुळे. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाचं हृदय असलेला नवेगावबांधचा तलाव हा याच परंपरेचा. अशा जुन्या तलावांतली बेशरम नावाची झुडपं मुळासकट काढणं आणि पाळीवरची भगदाडं बुजवणं हे नवं वनतळं खोदण्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि खात्रीचंही.

झिऱ्यांचंही तंत्र आहे. नाल्याच्या बाहेरच्या वळणावर, जिथे वाळूखाली ओल राहते, तिथे फेब्रुवारीअखेर दोन-तीन फूट खणायचं. एका बाजूने लांब उतार ठेवायचा, उरलेल्या बाजूंना दगड रचायचे म्हणजे वाळू ढासळत नाही. दर आठ-दहा दिवसांनी रानडुकरं तो तुडवतात, तेव्हा पुन्हा साफ करायचा. बीटमधल्या वनरक्षकाच्या रोजच्या गस्तीत हे बसतं. त्याला टेंडर लागत नाही.

सिमेंटचे बशीसारखे पाणवठे आणि सौर पंप हा शेवटचा उपाय असावा. वानरं पॅनेलवर नाचतात, रानडुकरं पाइप उकरतात, उन्हाने सिमेंटला तडे जातात, आणि ऐन मे महिन्यात बोअरच आटते. मग टँकर येतो. टँकर ज्या गावच्या विहिरीवरून भरतो त्या गावातल्या बायका हंडा घेऊन उभ्या असतात, तेव्हा उद्यानाबद्दल त्यांच्या मनात काय तयार होत असेल, याचाही विचार आराखड्याने करायला हवा. शिवाय एकाच ठिकाणी वर्षभर पाणी ठेवलं की चितळं तिथेच थांबतात, भोवतीचं गवत मुळापर्यंत खाल्लं जातं, रोग पसरतो, आणि शिकाऱ्यालाही विष कुठे कालवायचं ते नेमकं कळतं. म्हणून प्रत्येक पाणवठ्याची रोज सकाळी पाहणी हवी. उलटा पडलेला बेडूक किंवा मेलेल्या मधमाश्या दिसल्या की पाणी लगेच उपसून टाकायचं आणि नमुना बाटलीत भरून ठेवायचा.

पाणी किती द्यायचं यालाही मर्यादा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात दशकानुदशकं बोअरवर पाणवठे केले गेले. कोरड्या भागातही झेब्र्यांचे कळप आले, त्यांच्यामागे सिंह आले, आणि उंच गवतावर जगणारं, आधीच विरळ असलेलं रोन हरीण झपाट्याने घटलं. शेवटी तिथल्या व्यवस्थापनाने बरेचसे बोअर बंद केले. आपल्याकडे चिंकारा फार थोड्या पाण्यावर जगतो, चितळाला मात्र रोज पाणी लागतं. सगळीकडे पाणी पोचवलं तर सगळं जंगल चितळांचं होईल. उद्यानाचा काही भाग उन्हाळ्यात कोरडा राहू देण्याची हिंमत आराखड्यात असली पाहिजे.

आणि आग. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, डिसेंबरअखेर कापून, हंगाम लागण्याआधी जाळून मोकळ्या करायच्या, हे सगळ्यांना पाठ असतं. सागाच्या जंगलात यात एक खोच आहे. सागाची पानगळ मार्चपर्यंत चालू असते. जानेवारीत जाळून स्वच्छ केलेली रेषा मार्चमध्ये पुन्हा पानांनी झाकलेली असते आणि आग ती रेषा सहज ओलांडते. मार्च आणि एप्रिलमध्ये ब्लोअर घेऊन किमान दोनदा रेषा झाडण्याची मजुरी अंदाजपत्रकात नसेल, तर जानेवारीतला खर्च वाया गेला म्हणून समजा. उपग्रहाचे इशारे आता मोबाइलवर येतात, ते उपयोगी आहेत. पण एक ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो आणि इशारा हाती पडेपर्यंत वाऱ्यावरची आग एक कक्ष ओलांडून गेलेली असते. बीटमध्ये बसलेल्या अंगाऱ्याला, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्या मजुराला, पर्याय नाही. आणि त्याची मजुरी थकवणं हा वणव्याला दिलेला परवानाच आहे.

आग लागते कुठून? बहुतेक मोहाच्या झाडाखालून. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. वाळलेल्या पानांत पिवळी फुलं दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. वेचणारी बाई घरी जाते, धग राहते, दुपारी वारा सुटतो. यावर गुन्हे दाखल करून काही साधलेलं नाही. प्रत्येक मोहाला आकडा घालावा, ते झाड कुठलं कुटुंब वेचतं ते नोंदवावं, फेब्रुवारीत पाच मीटर घेर झाडून द्यावा आणि खाली अंथरायला जाळी द्यावी. जाळीतल्या मोहाला माती लागत नाही, त्याला भाव चांगला येतो, आणि एवढ्या कारणासाठी लोक जाळी वापरतातही. तेंदूचंही असंच. नवी कोवळी पानं यावीत म्हणून आग लावली जाते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटून देण्याची मजुरी वेळेवर मिळाली तर आग लावायची गरजच उरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपाला न तोडण्याचा निर्णय स्वतःहून घेतला. हक्क हाती असला की असे निर्णय होतात.

रायमुनियाबद्दल, म्हणजे घाणेरीबद्दल, थोडक्यात. वरून कापली की ती दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार सेंटीमीटरवर मुळाचा गड्डा कुदळीने तोडून झुडूप उलटं टाकायचं, फळ धरण्याआधी. पुढची दोन-तीन वर्षं, पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली उगवलेली रोपं हाताने उपटायची. सगळी एकाच वर्षी काढू नये, कारण आज अनेक जनावरांचा आडोसा तीच आहे. बांबूचंही आधी ठरवून ठेवावं. आपल्याकडचा मानवेल बांबू एकदाच फुलतो आणि मरतो. तो वाळलेला बांबू दोन उन्हाळे पेटायला टपलेला असतो, आणि खाली उगवलेलं रोप आगीपासून व गुरांपासून चार-पाच वर्षं जपावं लागतं. आपल्या क्षेत्रातला बांबू याआधी कधी फुलला ते कक्षइतिहासात शोधलं पाहिजे.

हद्दीवरच्या गुरांना पावसाळ्याआधी लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी आणि गावच्या कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपरच्या लसी, हा खर्च उद्यानाच्या अंदाजपत्रकातूनच व्हायला हवा. २०१८ मध्ये गीरमध्ये डिस्टेंपरने सिंह मेले हे आपण पाहिलं आहे. तसंच कुंपणाचं. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून हरभरा वाचवायला सौर कुंपण वेळेत मिळालं नाही तर शेतकरी तारेत थेट वीज सोडतो आणि त्यात वाघ मरतो. विदर्भात हे वारंवार घडतं.

पर्यटनाच्या बाजूने एक युक्तिवाद ठामपणे मांडला जातो की प्रवेशद्वार उघडलं की रोजगार येतो आणि लोकांचं जंगलावरचं अवलंबित्व सुटतं. रोजगार येतो, हे खरं आहे. तो प्रवेशद्वाराजवळच्या दोन-तीन गावांत येतो, जिप्सी आणि गाइडच्या नोकऱ्यांच्या रूपात. उद्यानाच्या दुसऱ्या टोकाच्या गावाच्या वाट्याला फक्त गुरांवरची बंदी येते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं २० टक्क्यांपर्यंतचंच क्षेत्र पर्यटनासाठी मोकळं ठेवलं. नव्या उद्यानाने त्याहूनही पुढे जावं असं मला वाटतं. पहिली तीन वर्षं आत एकही सफारी नको. ही तीन वर्षं कुरणांची, पाण्याची आणि विश्वासाची आहेत. सफारीचे रस्ते आधी ठरले की पाणवठे रस्त्याच्या कडेला जातात, आणि मग पाणी जनावरांसाठी राहत नाही, छायाचित्रांसाठी होतं.

हे सगळं करायला नागपूरइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय इथे आहे. मातीचे नकाशे बनवणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था इथे आहे, उपग्रहाच्या प्रतिमांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र इथे आहे, केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय इथे आहे, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी इथे आहेत. जिल्ह्याच्या पश्चिमेला काळा बसाल्ट आणि पूर्वेला जुना नाइस खडक, म्हणजे दोन मैलांवर बोअरचं वागणं बदलतं. हे भूजलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाणवठ्यांच्या जागा ठरवणं हा निव्वळ जुगार आहे. या संस्थांची दोन-दोन माणसं घेऊन एक गट करावा. त्याने दोन पूर्ण वर्षं, म्हणजे दोन मे आणि दोन ऑक्टोबर, प्रत्येक कक्ष पायी पाहावा. दोन चौरस किलोमीटरच्या चौकटींत कॅमेरे, ठरलेल्या रेषांवर चितळ-सांबरांची गणना, प्रत्येक झिऱ्याची आणि बोडीची शेवटची ओली तारीख, प्रत्येक गावाचा चारा, सरपण, मोह, तेंदू. इरादा त्यानंतर जाहीर व्हावा.

आणि आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवायचा तर तो जुलैमध्ये सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या सभागृहात नको. त्या वेळी लोक रोवणीला गेलेले असतात आणि सह्या चार माणसांच्या होतात. मे महिन्यात संध्याकाळी तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, जावं. सत्तर-सत्तर पानांची पुडकी रांगेत मांडलेली असतात, मोजणी चालू असते, गावातली प्रत्येक बाई तिथे असते. मोजणी संपली की तिथेच खाली बसून, नकाशा जमिनीवर अंथरून, पुढच्या वर्षी यातलं कुठलं झुडूप हद्दीच्या आत जाणार आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, ते कक्षाच्या आकड्यासह वाचून दाखवावं. हरकती तिथल्या तिथे लिहून घ्याव्यात, आणि लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवल्याशिवाय उठू नये.